मल्याळी कथा-कादंबऱ्यांतली म्हातारी माणसं: दगा नेमका कुणी दिला?

मंजिरी_स

म्हाताऱ्या आईबापांना वाऱ्यावर सोडण्याचा विषय निघाला की आपली चर्चा फार लवकर आटोपते. मुलं कृतघ्न, म्हातारी माणसं बिचारी, काळ वाईट. बरीच वर्षं मल्याळी साहित्य अनुवादांतून वाचत आल्यावर मला हे तिन्ही निकाल अपुरे वाटायला लागलेत. केरळच्या लेखकांनी या विषयाचा पिच्छा पुरवलाय, आणि दगा कुणी दिला हे शोधताना ते मुलापाशी थांबत नाहीत. त्यावर बोलायला हा धागा.

एम. टी. वासुदेवन नायर यांच्या 'नालुकेट्टू'पासून (१९५८) सुरुवात करते. अप्पुण्णीच्या आईने, पारुकुट्टीने, घरच्यांच्या मनाविरुद्ध लग्न केलं म्हणून ती घराला मुकलेली. नवरा गेला. नंबुद्रींच्या, म्हणजे तिथल्या ब्राह्मणांच्या, घरी राबून ती पोराला वाढवते. पोरगा आजोळच्या चौसोपी वाड्यात पाऊल ठेवतो तेव्हा थोरला मामा, वलियम्मामा, त्याला हाकलून देतो. पुढे आईबद्दल गावात कुजबुज सुरू झाल्यावर हाच पोरगा आईला एकटं टाकून त्याच वाड्यात हक्काने राहायला जातो. शेवटी वायनाडच्या मळ्यात कमावलेल्या पैशांतून तो कर्जात बुडालेल्या मामाकडून वाडाच विकत घेतो, आईला तिथे आणतो आणि म्हणतो, हा पाडून वारा-उजेड खेळेल असं लहान घर बांधू.

आता सांगा, यात कुणी कुणाला टाकलं? मामाने बहिणीला टाकलं, मुलाने आईला टाकलं, आणि म्हातारपणी मामाचं छप्पर गेलं ते त्याने हाकललेल्या भाच्याच्याच हातून. लेखक मामाची कीव करायला लावत नाही आणि त्याच्या पडझडीचा आनंदही घेऊ देत नाही.

हे नीट कळायला तिथली वारसापद्धत ठाऊक हवी. नायर आणि इतर काही समाजांत मरुमक्कत्तायम होतं, म्हणजे वंश आईकडून. तरवाडाची, म्हणजे आईकडच्या एकत्र घराण्याची, मालमत्ता त्या आईच्या वंशातल्या सगळ्यांची मिळून. कारभार थोरल्या मामाकडे, त्याला कारणवर म्हणायचे. त्याची स्वतःची मुलं बायकोच्या तरवाडातली, आणि ज्यांच्यासाठी तो कारभार पाहतो ते भाचे. भाच्यांना कायम संशय की हा गुपचूप आपल्या बायकामुलांकडे भात धाडतो. पुष्कळदा तो खराही असायचा. १९२५ चा त्रावणकोरचा नायर कायदा आला, मलबारात १९३३ पासून मद्रासचा मरुमक्कत्तायम कायदा लागू झाला, आणि वाटण्या मागता येऊ लागल्या. ज्या कारणवरापुढे सगळे उभे राहायचे त्याच्याकडे एका माणसाचा वाटा उरला. भाच्यांवर त्याचा अधिकार नाही, मुलं दुसऱ्या घरात वाढलेली. १९७५ च्या कायद्याने केरळात एकत्र कुटुंबाची मालमत्ताच मोडीत निघाली.

मल्याळी कादंबरीतला म्हातारा या पडझडीतून आलाय. त्याने सत्ता गाजवलेली असते, अन्याय केलेला असतो, आणि मग तो एकटा पडतो. मला हे फार प्रामाणिक वाटतं. तुमच्या वाचनातलं लिहा.

दक्षिणवाचक

अगदी मनातला धागा. एम. टीं.चाच दुसरा पुरावा देतो, 'निर्माल्यम' (१९७३). 'पळ्ळिवाळुम काल्चिलंबुम' या स्वतःच्या कथेवरून त्यांनी हा चित्रपट लिहिला आणि दिग्दर्शित केला. नायक आहे वेळिच्चप्पाड, ज्याच्या अंगात देवी येते तो. वय उताराला लागलेलं, देवळाचं उत्पन्न आटलेलं, गावाला देवीची गरज उरलेली नाही. मुलगा देवीची तलवार मोडीत काढायला निघतो. तरुण पुजारी त्याच्या मुलीला फसवून निघून जातो. मग गावात देवी रोगाची साथ येते आणि गावाला एकाएकी उत्सव आठवतो. ऐन उत्सवाच्या तयारीत त्याला कळतं की बायको सावकाराकडून पैसे कसे आणत होती. तो नाचतो, तलवारीने कपाळ फोडतो, मूर्तीच्या तोंडावर रक्त थुंकतो आणि मरतो. पी. जे. अँटनी यांना या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

बायकोने दगा दिला असं कुणी म्हणू शकेल. पण ती तोंडावर विचारते की पोरांना खायला काय घालायचं होतं, तेव्हा त्याच्याकडे उत्तर नाही. तो बायकोवर तलवार उगारत नाही, देवीवर थुंकतो. जन्मभर जिची चाकरी केली तिनेच टाकलं, हा त्याचा हिशोब. मला तो शंभर टक्के पटतो.

शुभदा_ठाणे

मंजिरी, धागा छान, पण एका ठिकाणी माझं पक्कं दुमत. वारसापद्धत, जमीन, देऊळ असं करत करत तुम्ही मुलांना मोकळं सोडताय. कायदा बदलला म्हणून आईला पाणी देणारा हात आखडत नाही.

एम. टीं.नीच मुलांना कुठे सोडलंय? 'कालम'मधला (१९६९) सेतू घ्या. गावातून निघतो, एकेक माणूस मागे टाकत वर चढतो, आणि परत येतो तेव्हा मागे टाकलेली सुमित्रा त्याला सुनावते की सेतूने आयुष्यभर एकाच माणसावर प्रेम केलं, सेतूवर. यात कायद्याचा संबंध नाही. हा माणसाचा स्वभाव आहे आणि लेखकाने तो नाव घेऊन सांगितलाय.

आणि कारणवराचं दुःख वाचताना स्वयंपाकघरात कोण होतं तेही बघा. माधविकुट्टींची (इंग्रजीतल्या कमला दास) 'कोलाड' नावाची अगदी लहान कथा आहे. सत्तेचाळीस वर्षांची बाई, दिवसभर राबून वाळलेली. मुलं तिला शेळी म्हणून हाक मारतात. ती कोसळते, इस्पितळात नेतात, आणि तापाच्या भरात ती ओरडते की डाळ करपली. सत्तेचाळीस हे म्हातारपण आहे का? त्या घराने तिला म्हातारी केलंय. तिला कुणी घराबाहेर काढलेलं नाही, रोज तिच्या हातचं जेवतात, तरी ती टाकलेलीच आहे. वलियम्मामाच्या वाट्याला निदान काही वर्षं सत्ता आली. हिच्या वाट्याला काय आलं?

केतकी_मेनन

मी लग्नानंतर पालक्काड जिल्ह्यात राहते, त्यामुळे हा विषय पुस्तकाबाहेरही रोज दिसतो. आधी पुस्तकातलं.

ओ. व्ही. विजयन यांची 'खसाक्किन्टे इतिहासम' (१९६९) ज्या तस्राक गावावरून सुचली ते इथून जवळ. सगळे नायकाबद्दल, गावात शाळा चालवायला आलेल्या रवीबद्दल बोलतात, मला मोल्लाक्का विसरता येत नाहीत. अल्ला-पिच्चा मोल्लाक्का, गावचे म्हातारे मुल्ला. अनाथ निझाम अलीला त्यांनी वाढवलं, तो त्यांना सोडून गेला आणि पुढे दर्ग्याचा खलियार (काझी) होऊन त्यांच्याच गावात त्यांच्यासमोर उभा राहिला. रवीची सरकारी शाळा आली आणि मोल्लाक्कांकडे शिकायला येणारी पोरं कमी झाली. ज्या शाळेविरुद्ध ते बोलले तिथेच त्यांना झाडलोटीची नोकरी धरावी लागली. पायाला चप्पल लागून झालेली जखम चिघळत गेली आणि त्यातच ते गेले. इथे दगा कुणाचा म्हणाल? निझाम अलीचा आहेच. पण शाळेचाही आहे, आणि शाळा तर चांगली गोष्ट. विजयन ही अडचण सोडवून देत नाहीत.

आणि तो रवी स्वतः कुठून आलाय? अर्धांगाने पडलेल्या बापाला मागे ठेवून, सावत्र आईशी जे घडलं त्याच्या ओझ्याखाली पळून. म्हणजे त्या कादंबरीत ज्याच्यामुळे एका म्हाताऱ्याचं पोट गेलं, तो स्वतःच्या म्हाताऱ्या बापाला टाकून आलेला आहे.

आता पुस्तकाबाहेरचं. २०११ च्या जनगणनेत केरळात साठीपुढची माणसं १२.६ टक्के होती, देशात सर्वांत जास्त. महाराष्ट्रात ९.९. सत्तरच्या दशकापासून घरटी कुणीतरी आखातात गेलेलं. माझ्या गल्लीत मोठमोठी दुमजली घरं आहेत. वरचा मजला कायम बंद, खाली दोन म्हातारी माणसं. पैसे वेळेवर येतात, औषधं येतात, फोन रोज येतो. शुभदाताई, या मुलांना मी कृतघ्न म्हणू शकत नाही. पण संध्याकाळी त्या अंगणातून जाताना जे वाटतं त्याला दुसरा शब्दही सापडत नाही.

पी. पद्मराजन यांचा 'तिंकळाळ्च नल्ल दिवसम' (१९८५) नेमका या वळणावरचा चित्रपट. आईच्या साठीला मुलं-सुना-नातवंडं जमतात. आखातातून आलेल्या धाकट्याला घर विकायचंय आणि आईला वृद्धाश्रमात ठेवायचंय. त्याने त्याचा पूर्ण विचार केलाय, आश्रम चांगला निवडलाय, आईला त्रास होऊ नये असंच त्याला मनापासून वाटतं. ती काही न बोलता जाते आणि तिथे मरते. मग तो घर विकत नाही. कवियूर पोन्नम्मांनी ती आई केली आहे. पद्मराजन यांनी धाकट्याला खलनायक केला असता तर चित्रपट सोपा झाला असता. तो शहाणा मुलगा आहे, म्हणून बघवत नाही.

बापू_सांगलीकर

या धाग्यावर सत्तरी ओलांडलेला बहुधा मी एकटाच. म्हणून लिहितो.

आमच्या पिढीने 'नटसम्राट' (१९७०) डोक्यावर घेतलं. शिरवाडकरांच्या शब्दांपुढे मी आजही नमतो. पण एक जाणवतं. अप्पासाहेब बेलवलकर सगळं देऊन टाकतात आणि मग पोरं फिरतात. प्रेक्षक पहिल्या अंकापासून अप्पांच्या बाजूने. आम्ही घरी गेलो ते आपापल्या मुलांकडे संशयाने बघत. स्वतःकडे कुणी पाहिलं नाही. तुम्ही सांगताय तो कारणवर पहिल्यांदाच मला विचारतो की तुझ्या हातात कारभार होता तेव्हा तू काय केलंस. हा प्रश्न म्हाताऱ्या माणसाला विचारायला आपल्याकडे संकोच वाटतो. मला विचारलेला आवडला. कीव करून घेण्यापेक्षा हिशोब मागितलेला बरा, त्यात माणूस म्हणून गणती तरी होते.

मंजिरी_स

बापू, तुमच्या प्रतिसादाने धाग्याला वजन आलं. एक फरक मात्र नोंदवते. अप्पासाहेबांनी दिलं ते स्वतःचं, स्वकष्टाचं. कारणवराकडे देण्यासारखं स्वतःचं काही नव्हतंच, तो फक्त सांभाळणारा होता. म्हणून तिथे 'मी तुम्हाला सगळं दिलं' हे वाक्य म्हाताऱ्याच्या तोंडी येऊ शकत नाही. भाचेच म्हणतात, आमचं होतं ते तू खाल्लंस. शोकांतिकेची चूलच वेगळी मांडलेली आहे.

शुभदाताई, 'कोलाड' आणल्याबद्दल आभार. पण मुलांना मोकळं सोडलं असं मी म्हणणार नाही. अप्पुण्णीने आईला टाकलं हे मी लिहिलंय आणि कादंबरी ते विसरू देत नाही. माझं म्हणणं एवढंच की मुलगा हे दग्याचं शेवटचं टोक आहे. तिथून मागे गेलं की घर, देऊळ, कायदा, आगबोट असं सगळं हाताला लागतं.

रानवारा

मागे जायचंच तर सरकारपर्यंत जा. ओ. व्ही. विजयन यांची 'कडलतीरत्त' मी वर्षातून एकदा तरी वाचतो. वेळ्ळायिअप्पन नावाचा म्हातारा खेड्यातून कण्णूरच्या तुरुंगात निघालाय. मुलगा कंडुण्णी, त्याला फाशी व्हायची आहे. बायकोने वाटेसाठी भाताची शिदोरी बांधून दिलीय. तो मुलाला भेटतो. सकाळी प्रेत मिळतं, पण ते गावी न्यायला त्याच्याकडे पैसे नाहीत. तिथेच पुरतात. मग तो समुद्रावर जातो, ती न खाल्लेली शिदोरी सोडतो आणि कावळ्यांना भात टाकतो.

बापाने मुलाला पिंड द्यायचा. उलटं झालेलं सगळं. मुलाने गुन्हा केला होता की नव्हता यावर कथा एक ओळ खर्च करत नाही. या म्हाताऱ्याला मुलाने टाकलेलं नाही, हिरावून नेलंय.

शाजी करुण यांचा 'पिरवी'ही याच जातीचा. म्हातारा राघव चाक्यार रोज धक्क्यावर जाऊन होडीची वाट बघतो, मुलगा येत नाही कारण पोलिसांनी त्याला नेलंय. आणीबाणीत १९७६ साली राजन या विद्यार्थ्याला पोलिसांनी उचललं आणि तो परतलाच नाही, त्या प्रकरणाची सावली त्यावर आहे. राजनचे वडील प्राध्यापक ईच्चर वारियर न्यायालयात गेले आणि १९७७ मध्ये त्यातून मुख्यमंत्री करुणाकरन यांना पायउतार व्हावं लागलं. बापाला मुलगा मात्र मिळाला नाही, प्रेतही नाही. चाक्यार झालेल्या प्रेमजींचा तो चेहरा बघा. म्हाताऱ्या माणसाशी सर्वांत मोठी बेइमानी सरकार करू शकतं, आणि त्यावर वृद्धाश्रम हा उपाय नाही.

शुभदा_ठाणे

रानवारा, 'कडलतीरत्त'पुढे बोलायला काही नाही. वाचून गप्प बसावं अशी कथा.

पण मंजिरीच्या 'शेवटच्या टोका'शी माझा झगडा चालूच ठेवते, या वेळी मुलींच्या बाजूने. 'चेम्मीन' (तकळी शिवशंकर पिळ्ळै, १९५६) आपण परीकुट्टी-करुत्तम्माची प्रेमकथा म्हणून लक्षात ठेवतो. लग्नाच्या दिवशी आई चक्की बेशुद्ध पडते आणि करुत्तम्मा तशाच आईला सोडून नवऱ्यासोबत जाते. बाप चेंबन्कुंजू म्हणतो, ही माझी मुलगी नाही. गावाच्या लेखी आईला टाकून गेलेली मुलगी ती हीच. आणि बाप? परीकुट्टीच्या पैशांवर होडी घेतली, पैसे बुडवले, बायको गेल्यावर दुसरी आणली, आणि शेवटी सगळं गमावून भ्रमिष्ट झाला. म्हाताऱ्या चेंबन्कुंजूला कुणी विचारत नाही हे खरं. मुलीने विचारायला हवं होतं का? मला नाही वाटत.

दक्षिणवाचक

ख्रिस्ती घरातलं एक उदाहरण राहून जायला नको. पारप्पुरत्त यांची 'अर नाळिक नेरम' (१९६७). कुंजेनाच्चन नव्वदीचा, अंथरुणावर बायबल घेऊन, अफूच्या सवयीचा, आपल्या मोठ्या कुटुंबाचं सगळं ऐकत-बघत पडलेला. घरात त्याच्या डोळ्यांसमोर विश्वासघात चाललाय आणि त्याचा शब्द आता कुणी मोजत नाही. कादंबरीचा बराच भाग त्याच्या आठवणींतून चालतो, आणि त्यात त्याचे स्वतःचे जुने हिशोबही येतात. बापूंना ही नक्की आवडेल. कादंबरीवर १९७० मध्ये के. एस. सेतुमाधवन यांनी चित्रपट केला, कोट्टारक्करा श्रीधरन नायर त्यात म्हातारे आहेत.

आणि कारूर नीलकंठ पिळ्ळै यांची 'उतुप्पान्टे किणर'. उतुप्पान गावासाठी विहीर खोदतो, लोक पाणी भरतात, त्यात त्याचा जीव. मग नळ येतो आणि विहीर नकोशी होते. शेवटी त्याच विहिरीत त्याचं प्रेत सापडतं. केतकींनी मोल्लाक्कांच्या शाळेबद्दल जे लिहिलं तेच इथे नळाचं. नळ हवाच होता. पण विहीर खोदणाऱ्याला कुणी चार शब्द बोललं असतं तर गावाचं काय गेलं असतं?

पुणेकर_नेहा

पहिल्यांदाच लिहितेय. शुभदाताईंनी माधविकुट्टींचं नाव घेतलं म्हणून. इंग्रजीत कमला दास म्हणून लिहिणाऱ्या या बाई शेवटची वर्षं पुण्यात मुलाच्या कुटुंबाजवळ होत्या आणि ३१ मे २००९ रोजी पुण्यातच वारल्या. नंतर त्यांना तिरुवनंतपुरमला नेऊन पाळयम जुम्मा मशिदीत दफन केलं. तेव्हा मी कॉलेजात होते आणि एवढी मोठी लेखिका आपल्या शहरात राहते हे माझ्या आजूबाजूला कुणाच्या गावीही नव्हतं. याची मला मनापासून खंत वाटते. कुटुंब सोबत असूनही लेखक आपल्या वाचकांपासून, भाषेपासून दूर म्हातारा होतो, ही पण एक गोष्ट आहे. त्यांची 'नेय्पायसम' तरी मराठी शाळांतून शिकवायला हवी.

बापू_सांगलीकर

नेहा, लिहीत राहा.

दक्षिणवाचक, कुंजेनाच्चनचा अनुवाद कुठे मिळेल ते जरूर कळवा. आणि एक विनंती. चांगलं म्हातारपण कुणी लिहिलंय का तिकडे? टाकलेलंच सगळं वाचून छाती भरून येते.

मंजिरी_स

बापू, वैक्कम मुहम्मद बशीर वाचा. 'अम्मा' नावाचं त्यांचं आठवणवजा लेखन आहे. स्वातंत्र्याच्या चळवळीत तुरुंग भोगून, भटकून, मुलगा एका रात्री अवेळी घरी येतो. आई काही विचारत नाही, हातपाय धू म्हणते आणि भात वाढते. तो चकित होतो, मी येणार हे हिला कसं कळलं? तिला कळलेलं नसतं. ती रोज रात्री त्याचा भात काढून ठेवत होती. मुलगा तिला टाकूनच गेला होता, चांगल्या कामासाठी का होईना, पण तिने तसं कधी मनात धरलं नाही.

एम. टीं.चा 'ओरु चेरु पुंजिरी' (२०००) बघा. म्हातारं जोडपं मुलांकडे जायला नकार देऊन आपल्या बागेत राहतं, भांडतं, खातंपितं. मूळ कथा तेलुगू, श्रीरमण यांची.

केतकी_मेनन

'अँड्रॉइड कुंजप्पन'ही (२०१९) बघा बापू. पय्यन्नूरचे हट्टी भास्कर पोदुवाळ, घरी ठेवलेल्या परिचारिकांना पळवून लावणारे. मुलगा रशियात नोकरी धरतो आणि बापासाठी यंत्रमानव आणून ठेवतो. म्हातारा आधी चिडतो, मग त्याच्यावर मुलासारखा जीव लावतो. सुराज वेंजारमूड यांनी काम फार सुंदर केलंय.

त्यावरून एक गोष्ट डोक्यात घोळतेय. केरळच्या परिचारिका जगभर गेल्या आहेत, जर्मनीत, इटलीत, इस्रायलमध्ये, आखातात. परक्या देशातल्या म्हाताऱ्यांची आंघोळ, औषध, अंथरूण सगळं त्या करतात, आणि त्यांचे स्वतःचे आईबाप इथे माझ्या गल्लीत दुसऱ्या पगारी बाईच्या भरवशावर. तिने टाकलं म्हणायचं का आईला? तिच्या पगारावर तर घर उभं आहे. मुलाची कथा पुष्कळांनी लिहिली. या मुलीच्या आत काय चालतं ते आतून सांगणारी कादंबरी कुणी वाचली असेल, मल्याळी किंवा मराठी, तर इथे नाव द्या. मला ती हवी आहे.